गिर्येची गोदी ते बोगमाळोची विमानं : दोन दिवसांचा आरमारी प्रवास

कोल्हापूरहून पहाटे चारला निघालो. मी, माझी लेक आणि तिचा मामा. गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे करत आठच्या सुमाराला गिर्येत पोचलो. घाटाचं एक सांगून ठेवतो. करूळ घाट कामासाठी अधूनमधून बंद असतो, तेव्हा आदल्या दिवशी वैभववाडीकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. बंद असेल तर फोंडा घाट धरावा. मुंबईकडून येणाऱ्यांनी महामार्गावर तळेऱ्याला उजवीकडे वळावं.

बहुतेक लोक थेट विजयदुर्ग किल्ल्यावर जातात. आम्ही आधी गोदी पाहायचं ठरवलं होतं. किल्ल्याच्या अलीकडे, वाघोटन खाडीच्या काठाला मराठ्यांच्या आरमाराची ही गोदी आहे. पाटीच्या भरवशावर राहू नका, गावात ‘आरमारी गोदी’ म्हणून विचारा. आम्ही उतरून गेलो तर खाडी तुडुंब, गोदीच्या तोंडाशी पाणी चढलेलं, बघावं असं फारसं काहीच नाही. जाळं नीट करत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, विचारलं, “भरतीक काय दिसतला? सुकतीक येवा, मगे बघा.” सुकती म्हणजे ओहोटी.

कोकणातला जुना हिशेब त्यांनीच लेकीला शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती आणि तिथून सहा तासांनी, दीडच्या आसपास सुकती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन असं मोजायचं. मिनिटाच्या काट्यावर जुळत नाही, पण सहलीचा बेत आखायला एवढं पुरतं. गोदी पाहायला जाणाऱ्यांनी निघायच्या आधी दिनदर्शिकेत तिथी बघावीच.

मधला वेळ किल्ल्यात गेला. बांधणी शिलाहार राजा भोजाच्या काळापासूनची. शिवाजी महाराजांनी किल्ला आदिलशाहीकडून घेतला, तटबंदी वाढवली आणि नाव दिलं विजयदुर्ग. इंग्रजांच्या कागदांत मात्र तो ‘घेरिया’ म्हणूनच येतो. तटामागे तट असे तीन तट, आणि दरवाजा असा वळणात लपवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. लेकीनं एका खळग्यात मूठ घालून बघितली, मूठ आत बसली आणि वर जागा उरली. एवढा मार खाऊन दगड फक्त टवका देऊन उभा राहिलाय. कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत, १७२० साली, इंग्रज तरंगता तोफखाना घेऊन इथे आले आणि परत गेले. १७२४ साली डच आले, तेही परत गेले.

मग १७५६ साली काय झालं? याचं उत्तर मी तटावर उभं राहून लेकीला दिलं आणि देताना मला त्रास झाला. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलं होतं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १२ फेब्रुवारीला अॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी मारा सुरू केला. क्लाइव्ह फौजेसह होता, आणि जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज. तुळाजींची लढाऊ जहाजं, म्हणजे गलबतं-गुराबा, किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून नांगरलेल्या होत्या. त्यांतच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज होतं. एक तोफगोळा त्याच्यावर पडून आग लागली. ती शेजारच्या जहाजाला लागली, तिथून पुढच्या. बघता बघता सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तीन तट शाबूत होते, आत दारूगोळा होता. पण ज्याच्यासाठी हा किल्ला होता ते आरमारच राहिलं नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी एकच ताकद होती आणि ती बुडवायला आपल्याच माणसांचा हात लागला. पेशव्यांना किल्ला नंतर मिळाला, त्यांच्या आरमाराचे सरदार धुळप यांनी इथून आरमार पुन्हा उभं केलं, १७८३ साली रत्नागिरीजवळ आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज जिंकलं. तरी त्या आगीची भरपाई झाली असं मला वाटत नाही.

किल्ल्याला अडीच तास ठेवा. उन्हात तट तापतात, म्हणून टोपी आणि पाणी हवंच. काही ठिकाणी बांधकाम ढासळलंय, तिथे कडेला जाऊन फोटो काढू नका. जेवायला धक्क्याजवळ साध्या खानावळी आहेत. किल्ल्यात शिरण्याआधीच ताट सांगून ठेवलं तर परतल्यावर ताटकळत बसावं लागत नाही.

दीडला पुन्हा गिर्ये. पाणी ओसरलं होतं आणि सकाळी न दिसलेली गोदी समोर होती. काठचा खडक फोडून केलेला मोठा चौकोन, सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. आता गाळानं भरलाय, तरी आकार कळतो. जहाज भरतीच्या पाण्यावर आत घ्यायचं, सुकतीला पाणी गेलं की ते कोरड्यावर बसतं, मग बूड खरवडा, फळ्या बदला, डांबर भरा आणि पुढच्या मोठ्या उधाणाला बाहेर काढा. पाणी उपसायला यंत्र नाही, समुद्रच ते काम करतो. तांडेलकाका अजून तिथेच होते. त्यांची होडीही त्या वेळी चिखलावर कलंडून दुरुस्तीला लागलेली होती, त्याच पद्धतीनं.

आंग्र्यांचं आरमार लढायचं कसं, हे इथे उथळ खाडीकडे बघताना पटकन समजतं. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, दीडशे ते तीनशे टनांचं जहाज. नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि पुढे झेपावलेली, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. इंग्रजांची मोठी जहाजं बाजूनं तोफा डागायची आणि सगळी वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की ती जागच्या जागी अडकायची. तेव्हा गलबतं दोर लावून गुराबा ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी. मागून डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, मग गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढायची.

हा वारा डोक्यात ठेवूनच दुसऱ्या दिवशी गोव्याला गेलो. मुक्काम देवगडला केला होता. तिथून कणकवली, सावंतवाडी, पत्रादेवी, पणजी, जुवारीचा पूल आणि दाबोळी. थांबत गेलात तर पाच तास धरा. नौदलाच्या विमानांचं संग्रहालय दाबोळी विमानतळापासून जवळ, बोगमाळोच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. १९९८ साली सुरू झालं. सोमवारी बंद असतं, तिकीट माफक, आणि गाडी नसेल तर वास्कोहून बोगमाळोची बस मिळते. विमानं उघड्यावर आहेत, म्हणून सकाळी पहिल्यांदा बाहेरचं बघा आणि ऊन चढलं की आतली दालनं. आत विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती, इंजिनं, पाणतीर (टॉर्पेडो) असं बरंच आहे. बाहेरचं सुपर कॉन्स्टेलेशन सगळ्यांत मोठं, त्यामुळे गर्दी त्याच्यापाशी जमते. तुम्ही आधी सी हॉक या जुन्या लढाऊ विमानाकडे जा.

सी हॉकच्या शेपटीखाली वाका. तिथे एक लोखंडी आकडा आहे. विमान जहाजाच्या सपाट डेकवर उतरताना हा आकडा आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि काही क्षणांत विमान थांबतं. लेक बराच वेळ त्याच्याकडे बघत उकिडवी बसली होती. समुद्रावर डुलणाऱ्या जहाजावर, एवढ्याशा आकड्याच्या भरवशावर माणसं उतरत होती. दुमडणारे पंखही बघा. जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून ती सोय. मग दोन पावलांवरच्या सी हॅरियरकडे या आणि तसाच आकडा शोधा. सापडणार नाही. त्याऐवजी पोटाच्या दोन्ही अंगांना फिरणारी नळकांडी दिसतील. झोत खाली वळवून हे विमान उभ्यानं उतरायचं, त्याला तारेची गरजच नव्हती. ही दोन विमानं शेजारी बघितली की तीस वर्षांत काय बदललं ते समजतं.

वाऱ्याचा आधार मात्र सुटला नाही. विमानवाहू जहाज विमान सोडताना वाऱ्याच्या तोंडावर वळतं आणि वेग वाढवतं, म्हणजे विमानाच्या पंखांना आयता वारा मिळतो. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि जहाज पूर्ण वेगानं पळू शकत नव्हतं. तशा अवस्थेत ४ डिसेंबरला बंगालच्या उपसागरातून सी हॉक उडाले आणि कॉक्स बाजार, चितगाववर मारा केला. सोबतची आलिझे विमानंही इथे उभी आहेत, पंख्याची आणि जाड अंगाची. मला ती फार आवडली. ज्या जहाजावरून हे सगळं उडालं ते मात्र आता पाहता येत नाही. १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, लहानपणी मी तिच्यावर चढलोय, आणि २०१४ साली ती तोडली गेली. दुसरं विमानवाहू जहाज ‘विराट’, तीही गेली अलंगला, तोडायला. ती जहाजं जपायला हवी होती, असं मी कुणालाही सांगेन. म्हणूनच बोगमाळोला उभ्या असलेल्या विमानांना वेळ द्या, दोन तास तरी.

दुपारी खाली किनाऱ्यावर जेवत होतो. शेजारच्या नौदलाच्या ‘हंसा’ तळावरून लढाऊ विमानांचा आवाज आला, पाठोपाठ दोन. लेक ताट सोडून बाहेर पळाली. परत येऊन तिनं पहिला प्रश्न केला, “बाबा, वारा कुठून आहे?” मी समुद्राकडे बघितलं. लाटांवर होड्यांची तोंडं सगळी एकाच दिशेला होती.