मीठ घातलेला चहा आणि तापलेले दगड

अमृततुल्याच्या गोड, आले-वेलची घातलेल्या चहावर पुण्यात वाढलेल्या माझ्या जिभेला मंगोलियन ‘सूतेई त्साई’, म्हणजे दूध घालून आणि साखरेऐवजी मीठ टाकून उकळलेला चहा, घरी प्रथम करून पाहिला तेव्हा परका वाटला. तिसऱ्या वाटीला मात्र तो कढणासारखा पोटाला शांतवणारा पदार्थ आहे, हे उमगले.

मंगोलियाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की तिथला आहार ऋतूंवर आणि जनावरांवर उभा आहे: उन्हाळ्यात दुधाचे पदार्थ, हिवाळ्यात मांस. चक्का जाणणाऱ्या आपल्याला उन्हात वाळवलेल्या दह्याच्या ‘आरूल’ या कडक वड्या जवळच्या वाटतील. त्या चावू नयेत, चघळाव्यात. घोडीचे दूध चामड्याच्या पिशवीत घुसळून आंबवलेला ‘ऐराग’ सौम्य मादक असतो.

मला सर्वाधिक मोह ‘खोरखोग’चा आहे. बंद भांड्यात मांसाच्या तुकड्यांमध्ये तापलेले दगड रचून ते शिजवतात आणि नंतर ते तुपकट, गरम दगड हातांत खेळवतात, कारण ते आरोग्यदायी मानले जातात. ‘मंगोलियन बार्बेक्यू’ हा मोठ्या तापल्या तव्यावर मांस-भाज्या परतण्याचा प्रकार मात्र तिथे शोधू नये. तो १९५० च्या दशकात तैवानमध्ये जन्मला.