अटलांटिक सिटीचा ऑर्गन: ऐकायला जा, पण शोचा दिवस टाळा

आधी पार्किंगचं सांगतो, कारण राग अजून उतरलेला नाही. हा ऑर्गन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉल या भल्यामोठ्या सभागृहात आहे. त्याच्याजवळच्या एका लॉटवर पाटी दहा डॉलरची. गाडी आत घेतल्यावर तिथला माणूस म्हणतो चाळीस. का, तर रात्री हॉलमध्ये कुठल्याशा बँडचा शो. आम्ही दुपारीच निघणार, हे त्याला दोनदा सांगून पाहिलं. ढिम्म! एडिसनहून पार्कवे आणि एक्सप्रेसवेचा टोल भरत आलेला माणूस मागे थोडाच फिरणार, हे त्याला पक्कं ठाऊक. दिले. तुम्ही समुद्रापासून दोन-तीन चौक आत गाडी लावा आणि चाला. बोर्डवॉकवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावरच्या, ढकलखुर्चीत बसण्याआधीही भाडं किती, कुठपर्यंत आणि टिप धरून की वेगळी, एवढं बोलून घ्या.

दुसरी फसवणूक माहितीची. ‘मूकपटाच्या काळातला थिएटर ऑर्गन, जगातला सर्वांत मोठा’ असं आम्हाला सांगितलं होतं. एकाच इमारतीतल्या दोन वाद्यांची ती खिचडी आहे. थिएटर ऑर्गन तो बॉलरूममधला, शिकागोच्या किम्बॉल कंपनीचा, चार की-बोर्डांचा. अशा थिएटर ऑर्गनांमागे रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज टेलिफोन इंजिनिअरचं डोकं आहे. पट्टी दाबली की वीज जाते, लोहचुंबक झडप उघडतो, पाइपात हवा शिरते. ही जोडणी तारांची असल्याने पाइपांची एकच रांग वेगवेगळ्या सप्तकांत, वेगवेगळ्या की-बोर्डांवर वापरता येते. ढोल, झांजा, झायलोफोन खरेच, तेही हवेच्या जोरावर वाजतात. एका वादकात अख्खा वाद्यवृंद! बोलपट आले आणि 1930च्या आसपास या धंद्याचा बाजारच उठला. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटी. त्यात पितळी पत्त्या वाजतात, पाइप नसतात. ती कल्पना डोक्यात घेऊन जाऊ नका.

जगातला मोठा तो खालच्या मुख्य सभागृहातला. मिडमर-लॉश कंपनीने 1929 ते 1932 मध्ये बांधला, आराखडा एमर्सन रिचर्ड्स या राज्य सिनेटरचा. सात की-बोर्ड, 33 हजारांहून जास्त पाइप. पण दिसत काहीच नाही. सगळे पाइप भिंतींमागच्या आणि छताजवळच्या खोल्यांत. शिवाय सगळा बोलतही नाही. 1944च्या चक्रीवादळात पाणी शिरलं, आणि 1998 नंतरच्या नूतनीकरणात कामगारांनी उरलीसुरली वाट लावली. इमारत देखणी झाली, वाद्य मुकं. पुढे दुरुस्ती सुरू झाली, ती टप्प्याटप्प्याने चालू आहे.

उन्हाळ्यात कामाच्या दिवशी दुपारी बाराला अर्ध्या तासाचं वादन असतं, फुकट. तारखा बदलतात, निघण्याआधी वेबसाइट बघाच. आम्ही गेलो तेव्हा रात्रीच्या शोची मांडामांड चालू, फोर्कलिफ्ट मागे घेताना टूं-टूं-टूं. पहिल्या हळुवार तुकड्यातलं निम्मं त्यात गेलं. मी उठणारच होतो. मग वादकाने खालचा 64 फुटी स्वर धरला (ऑर्गनमध्ये स्वराची खोली पाइपाच्या लांबीने मोजतात). त्याची सेकंदाला जेमतेम 8 कंपनं, म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या खालची. सूर असा ऐकू येतच नाही. उभ्या एसटीचं इंजिन चालू असताना सीट हलते तशी खुर्ची हलायला लागते. अशी पूर्ण लांबीची 64 फुटी रांग जगात आणखी एकाच ठिकाणी आहे, सिडनीच्या टाउन हॉलमध्ये. इथली रांग डायफोन जातीची, म्हणजे झडपेच्या थरथरीने वाजणारी. तीही होप-जोन्सचीच युक्ती, जी पुढे धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यांत गेली. शेवटी ग्रँड ऑफिक्लाइड, म्हणजे या ऑर्गनमधली दणदणीत आवाजाची पाइपांची रांग. चर्चच्या ऑर्गनला पाण्याच्या तीन-चार इंच उंचीएवढा दाब पुरतो, याला 100 इंच लागतो. फोर्कलिफ्ट चालू होती की बंद, कोण जाणे! शेजारच्या आजींनी कानांवर हात ठेवले होते आणि त्या हसत होत्या.

पुढे बसू नका. सभागृहाच्या मधोमध बसलात तरच डाव्या-उजव्या खोल्यांचा आवाज एकत्र मिळतो. आतल्या खोल्या दाखवणारी टूर असेल तर ती आधी करा. जिने अरुंद आहेत, पाठीवर मोठी सॅक नको. लहान मुलांसाठी कापसाचे बोळे न्या. किनारा, कॅसिनो वगैरे आहेच, त्यावर लिहिणारे पुष्कळ. आणि हो, त्या लॉटच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात ‘शोच्या दिवशी दर वेगळा’ असं लिहिलेलं होतं. फोटो काढून ठेवलाय.