खूण शून्यावर, पिस्टन कुठे?

गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या, बुडाशी तेल पाझरत होतं. ओ-रिंग बदलायची, अर्ध्या तासाचं काम. डिस्ट्रिब्युटर उपसून काढला, रिंग बदलली, परत बसवायला घेतला आणि तेव्हा लक्षात आलं की रोटरचं, म्हणजे त्यातल्या वीज वाटणाऱ्या फिरत्या काट्याचं, तोंड कुठे होतं ते आपण कुठेच टिपून ठेवलेलं नाही. खडूची एक रेघ मारली असती तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

मग काय, पहिल्यापासून टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमक्या कुठल्या घटकेला पडावी ते जुळवणं. एक नंबरचा पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे टीडीसीला, अगदी माथ्यावर आणायचा, रोटर एक नंबरच्या वायरसमोर येईल असा डिस्ट्रिब्युटर बसवायचा आणि मग टायमिंग लाइट, म्हणजे एक नंबरच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, लावून बारीक जुळवाजुळव. इंजिन जुनं, कार्बोरेटरवालं, चार सिलेंडरचं, टायमिंग चेनचं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणग्यांचा क्रम, १-३-४-२. बॅटरीची निगेटिव्ह काढली. चारही प्लग काढले, नाहीतर प्रत्येक सिलेंडरच्या दाबाशी कुस्ती खेळत बसावं लागतं. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावला आणि इंजिन एरवी फिरतं त्याच दिशेने सावकाश फिरवायला लागलो.

एक नंबरच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ सोडली होती. पुष्कळ जण इथे स्क्रू-ड्रायव्हर घालतात. प्लगचं भोक बहुतेक तिरकं असतं, पिस्टन वर येताना स्क्रू-ड्रायव्हर आडवा अडकला तर पिस्टनच्या डोक्यावर ओरखडा ठरलेला. स्ट्रॉ बिचारी वाकते. तर स्ट्रॉ वर आली, थांबली, त्याच सुमारास क्रँकच्या टोकाच्या पुलीवरची खाच इंजिनावरच्या अंशांच्या पट्टीवरच्या शून्याला भिडली. डिस्ट्रिब्युटर बसवला, प्लग-वायरी लावल्या, बॅटरी जोडली, सेल्फ मारला.

फाट्! कार्बोरेटरच्या तोंडातून वीतभर जाळ. एअर फिल्टर काढलेला होता आणि माझा हात नेमका थ्रॉटलवर. मनगटावरचे केस गेले. हट्टाने पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा तेच.

ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "अंगठा लावला होतास का?"

"कुठे?"

"म्हणजे नाही लावलास."

फोर-स्ट्रोक इंजिनात एका चक्राला क्रँक दोनदा फिरतो, त्यामुळे पिस्टनही दोनदा माथ्यावर येतो. एकदा मिश्रण दाबून (कॉम्प्रेशन), एकदा जळका धूर बाहेर ढकलून (एक्झॉस्ट). पुलीची खाच दोन्ही वेळा शून्यावर असते, स्ट्रॉही दोन्ही वेळा वर असते. दोघींनाही फरक कळत नाही. डिस्ट्रिब्युटर मात्र क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे एक फेरी चुकली की रोटर थेट उलट्या तोंडाचा, १८० अंश. माझी ठिणगी पडत होती ती एक्झॉस्ट संपून मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो त्या घटकेला. उघड्या व्हॉल्व्हमधून आग मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून माझ्या मनगटावर.

या खेपेस एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवला. एका फेरीत काहीच नाही, अंगठा उलट किंचित आत ओढल्यासारखा झाला. पुढच्या फेरीत हवेने अंगठा असा उचलला की धरून ठेवता येईना. हा कॉम्प्रेशन. खात्रीसाठी रॉकर कव्हरही, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांवरचं झाकणही, उघडलं. एक नंबर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असला की चार नंबरचे व्हॉल्व्ह अदलाबदलीत असतात, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय. तिथे पाना जरासा मागेपुढे केला की चारचे दोन्ही रॉकर हलतात आणि एकचे ढिले, गप्प असतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

रोटर फिरवून बसवला, इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं. टायमिंग लाइट लावला, डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि मॅन्युअलप्रमाणे टीडीसीच्या आधी १० अंश जुळवलं. तरी गाडी मेंगळट. चढावर दम नाही, इंजिन गरम. खरं तर गेलं वर्षभर ती अशीच होती आणि मी कार्बोरेटरला शिव्या देत होतो.

काका म्हणाले, "अरे, लाइट खूण दाखवतो. खूणच सरकली असेल तर?"

या पुलीचे दोन भाग असतात. आतला गाभा क्रँकवर पक्का, बाहेरचं जड कडं त्याच्याभोवती आणि मध्ये रबराचा थर. खाच असते बाहेरच्या कड्यावर. रबर म्हातारं झालं की कडं सरकतं आणि खाच त्याच्याबरोबर जाते.

म्हणजे आता टीडीसी खाचेशिवाय शोधायची, आणि नजरेने ती सापडत नाही. माथ्याशी पिस्टन जवळपास थबकतो. माझ्या इंजिनाचा स्ट्रोक ८० मिमी आहे. त्यात माथ्यापासून ५ अंश सरकलं तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिमी उतरतो. स्ट्रॉवर ते काय दिसणार? अर्ध्या वाटेवर तोच पिस्टन दर अंशाला साधारण ०.७ मिमी पळतो. तेव्हा माथ्यावर शोधायचंच नाही, अलीकडे आणि पलीकडे शोधायचं.

जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढलं, आत आटे पाडून एक बोल्ट बसवला, टोक घासून गोल केलं. पिस्टन खाली असताना हा अडसर एक नंबरच्या भोकात घट्ट केला. हाताने सावकाश फिरवलं. टक. पिस्टन बोल्टला टेकला. पट्टीच्या शून्यासमोर पुलीवर पेन्सिलीने रेघ. मग उलट दिशेने जवळजवळ पूर्ण फेरी, पुन्हा टक, दुसरी रेघ. उलट फिरवताना पुलीचा बोल्टच सुटेल अशी धास्ती होती, पण प्लग नसताना जोर लागतोच किती. टेकल्यावर मात्र पान्यावर रेटा द्यायचा नाही, आणि अडसर आत असताना सेल्फ तर स्वप्नातही नाही.

दोन रेघांमध्ये कागदाची पट्टी पुलीला गुंडाळून मोजलं, ८६ मिमी. पट्टीची घडी बरोबर मध्ये घातली आणि ४३ वर खूण केली. बोल्ट लांब असो की आखूड, मध्य बदलत नाही. ते तपासायला बोल्ट थोडा बाहेर घेऊन सगळं पुन्हा केलं. मध्य तोच. आणि जुनी खाच त्या मध्यापासून १२ मिमी मागे! पुलीचा व्यास १५० मिमी, म्हणजे एका अंशाला सुमारे १.३ मिमी. ९ अंशांचा घोळ. लाइटवर १० दिसत असताना ठिणगी टीडीसीच्या जेमतेम एक अंश आधी पडत होती.

अडसर काढला, नवी रेघ पांढऱ्या रंगाने ओढली, लाइट तिच्यावर धरून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या उलट ढकलला. साडेचार अंश, दिसायला काहीच नाही. इंजिनाचा आवाज मात्र तिथल्या तिथे मोकळा झाला, आयडल इतकं चढलं की स्क्रू फिरवून खाली आणावं लागलं.

पुली बदलायची आहेच, रबर सुटलेलं आहे ते सुटलेलंच. तोवर गाभा, रबर आणि कडं या तिन्हींवरून एक आडवी पांढरी रेघ ओढून ठेवली आहे. कडं पुन्हा सरकलं तर रेघ तुटेल. आज सकाळी बॉनेट उघडून पाहिलं, अजून सलग आहे.