पाचव्यात बसणारी गाडी

साताऱ्याच्या गोडोलीत गॅरेज टाकून मला सतरा वर्षं झाली. गाडी चालू होत नाही, ऑइल गळतंय, अ‍ॅव्हरेज देत नाही, गिऱ्हाइकाची रड ह्यापलीकडं फारशी जात नाही. त्या दिवशी मात्र दोन चुलतभाऊ आले. थोरल्याकडं सहा महिन्यांची एकशेपंचवीस सीसीची गाडी, धाकट्याकडं वडिलांची जुनी स्प्लेंडर. थोरला स्टँड लावायच्या आधीच म्हणाला, "मिस्त्री, इंजिन खोला. पॉवरच न्हाई हिच्यात."

धाकटा लांब उभा राहून हसत होता. वाढे फाट्यावरनं लिंब खिंडीपर्यंत पोरांनी शर्यत लावलेली, आणि स्प्लेंडर पुढं निघालेली. हायवेला दुचाकीची मर्यादाच ताशी 80 ची आहे, हे मी आधी सुनावून घेतलं. दोघांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

"तुझी किती पळाली रे?"

"पंच्याण्णव. काटा बघितलाय मी."

काट्याचं काय खरं नसतं. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा नियम असल्यानं मीटर जरा चढंच ठेवलेलं असतं. स्प्लेंडरचे 95 म्हणजे रस्त्यावरचे 87-88 धरायचे. 97.2 सीसीच्या इंजिनाला तेवढे पुष्कळ झाले.

पोरं सीसी मोजतात, तिथंच चुकतात. आरएक्स 100 सुद्धा 98 सीसीचीच होती, पण टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या दर फेऱ्याला ठिणगी. म्हणून ताकद 11 हॉर्सपॉवर. स्प्लेंडरची जेमतेम 8. थोरल्याच्या गाडीची 11 च्या आसपास. पण ताकद वाढली तेवढाच वेग वाढतो असंही नाही. खरी झुंज वाऱ्याशी असते. वेग दुप्पट केला तर वारा चौपट अडवतो, आणि त्याला रेटायला ताकद आठपट लागते. ह्या हिशेबानं तीन हॉर्सपॉवर जास्त असून थोरल्याच्या पदरात पडणार ताशी दहाएक किलोमीटर. त्यात धाकटा काडीपैलवान, टाकीवर पालथा पडून चालवणारा. थोरला आडवा, जर्किनची चेन उघडी. ते दहा तिथंच निम्मे गेले.

तरी मागं पडायचं कारण नव्हतं. मग तो सहज बोलून गेला, "चौथ्या गिअरात बरी पळते, पाचव्यात टाकली की बसते."

मी इंजिनाचा नाद सोडला. दोन्ही गाड्या न्यूट्रल करून गॅरेजसमोरच्या उतारावर उभ्या केल्या आणि सोडायला सांगितल्या. स्प्लेंडर डुलत डुलत पार खालच्या वडापावच्या गाड्यापर्यंत गेली. एकशेपंचवीस निम्म्यातच थांबली. मागच्या ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं आणि झटक्यात काढलं. आतल्या ब्रेक लायनरचा करपट वास येत होता.

चेनचं कव्हर खोललं. ग्रीसमध्ये माखलेल्या पुढच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चकतीवर, स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक दाता मोजला. चौदा पाहिजेत, भरले पंधरा.

"हे कुणी बसवलं?"

थोरला चप्पल बघायला लागला. मित्रानं सांगितलं होतं, एक दाता वाढवला की टॉप स्पीड वाढतो. घरीच बसवलेलं. आता एक दाता वाढवला की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक सात टक्के जास्त फिरतं, हे खरं. पण त्यासाठी इंजिनाला तेवढा रेटा पाहिजे. पाचव्यात वारा छातीवर आला की इंजिन ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत चढतच नाही, खालीच कण्हत राहतं. आणि मोठं स्प्रॉकेट बसवायला चेन पुरेना, म्हणून ह्यानं मागचं चाक पुढं ओढलेलं. त्यानं ब्रेकचा रॉड सैल झाला, पेडल खाली जायला लागलं, मग ह्या शहाण्यानं नट आवळला, तोही पार दम लावून. म्हणजे गडी ब्रेक दाबूनच शर्यतीत पळाला होता.

चौदाचं घातलं, चाक मागं घेतलं, रॉड सैल केला, लायनर पॉलिश पेपरनं घासले. चाळीस मिनिटांचं काम. पुन्हा उतारावर सोडली तर वडापाववाला ओरडला, "मिस्त्री, आवरा की!"

पंधराचं स्प्रॉकेट पुसून मी भंगाराच्या डब्यात टाकत होतो, तेवढ्यात धाकटा जवळ आला. भावाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाला, "मिस्त्री, हे स्प्लेंडरला बसंल का?"