वाळवंटातला हुरडा

दुबईला जाऊन आलेल्या पुणेकराच्या मोबाइलमध्ये दोन फोटो हमखास सापडतात. एकात बुर्ज खलिफा काही केल्या मावत नाही, म्हणून फोटो काढणाऱ्याला फरशीवर आडवं व्हावं लागलेलं असतं. दुसऱ्यात डोक्याला लाल-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल, डोळ्यांवर गॉगल, मागे वाळूची टेकडी आणि चेहऱ्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उंटच राखत आलो आहोत असा भाव. हा दुसरा फोटो डेझर्ट सफारीचा. आमच्या सोसायटीत तो इतक्या घरांत आहे, की गणपतीत वेशभूषा स्पर्धा ठेवली तर निम्मे स्पर्धक शेख निघतील.

गेल्या हिवाळ्यात आमचाही नंबर लागला. निघायच्या आधी टिळक रोडवरच्या एका हॉलमध्ये सहलीची बैठक झाली. व्हिसा, विमान, सामानाचं वजन हे पाच मिनिटांत उरकलं आणि सफारीच्या रात्री जेवायला पोळी असेल का, जैन मिळेल का, नसल्यास बरोबर नेलेले ठेपले तिथे काढलेले चालतील का, यावर अर्धा तास गेला. शेवटी टूर मॅनेजर म्हणाला, "वाळूत गाडी जोरात उडते. ज्यांना कंबरेचा, मानेचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी हात वर करा, त्यांना वेगळ्या गाडीनं थेट कॅम्पवर नेऊ." एक हात वर गेला नाही. आमच्या शेजारच्या काकांच्या मणक्याची कहाणी मी एल-फोर, एल-फाइव्हसकट वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. तेसुद्धा पंख्याकडे बघत बसले. पैसे आधीच भरलेले असले की पुणेकराचा मणका आपोआप बरा होतो.

दुपारी तीनला हॉटेलच्या दारात पांढऱ्या लँड क्रूझर येऊन उभ्या राहिल्या. आमचा ड्रायव्हर पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातला, जेमतेम तिशीचा. उर्दू गोड, हात स्टिअरिंगवर सैल. "कहाँ से? मुंबई?" "पुणे." "अच्छा, मुंबई के पास." काकांनी यावर तोंड उघडलं होतं, पण काकूंनी कोपरानं आवरलं.

शहर मागे पडायला फार वेळ लागत नाही. काचेच्या इमारती विरळ होतात, मग नुसतं कुंपण, कुंपणाच्या पलीकडे दोन-चार उंट, आणि मग लाहबाबची तांबूस वाळू सुरू होते. हा तांबूसपणा लोहाचा. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. वाळूच्या तोंडाशी एक थांबा असतो. तिथे रुमालवाला आधी आपल्या डोक्याला रुमाल बांधतो, आरसा दाखवतो, वा वा म्हणतो आणि मग किंमत सांगतो. घासाघीस करायची तर डोकं त्याच्या ताब्यात. तुळशीबागेत मुरलेल्या बायकाही तिथे गप्प झालेल्या मी पाहिल्या.

मला त्या थांब्यावर आवडलं ते टायरचं काम. ड्रायव्हर उकिडवा बसला, व्हॉल्व्हचं टोपण काढून त्यानं दातांत धरलं आणि एका बारीक खिळ्यानं हवा सोडायला लागला. फुस्स आवाज सुरू झाला तसा त्यानं कान तिकडे केला. हातात गेज होता, पण तो त्यानं अगदी शेवटी लावला, कानावर विश्वास ठेवून झाल्यावर. पस्तिसाच्या आसपासची हवा पंधरापर्यंत आली. टायर खाली पसरला, बाजूंनी फुगला. पसरट टायरमुळे गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, म्हणून गाडी रुतत नाही. चारही चाकांशी तो त्याच क्रमानं बसला, टोपण त्याच दातांत. काकांनी मागे उभं राहून सगळं तपासलं आणि हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे याला पंक्चर म्हणतात.

पुढचा अर्धा तास वर्णन करण्यासारखा नाही, कारण डोळे मिटलेले होते. एवढं सांगता येईल, की टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब आणि सोपी असते, पलीकडची बाजू तिशीच्या वरच्या कोनात सरळ उतरते, आणि या दोहोंच्या मधल्या धारेवर गाडीच्या काचेतून फक्त आभाळ दिसतं. आभाळ दिसलं की मागच्या सीटवरून "मोरया" ऐकू यायचं. वहिनींनी हॉटेलातूनच अ‍ॅव्होमिन घेतली होती. त्या सगळी सफर शांतपणे झोपल्या, आणि आजही सफारी छान झाली असं सांगणाऱ्या आमच्यात त्या एकट्याच आहेत.

सूर्यास्ताला गाड्या थांबल्या. काका सोडून सगळे अनवाणी उतरले. वाळू वरून कोमट आणि बोटं आत घातली की गार. वाऱ्यानं तिच्यावर बारीक रेघा ओढल्या होत्या आणि त्या रेघा कापत एका किड्याची पावलं गेली होती, दोन्ही बाजूंना टिंबं, मधे पोट घासल्याची पुसट ओळ. मी ती कुठे जाते ते बघत निघाले, तर ती एका विटकरी बुटाच्या ठशात संपली. काका तिथे मूठभर वाळू घेऊन उभे. त्यांचं आयुष्य बांधकाम खात्यात गेलं. "ब्रासला काय भाव असेल हिचा?" शंभर घनफुटांचा एक ब्रास, या हिशेबानं त्यांनी क्षितिजापर्यंतचा माल डोळ्यांनी मोजला होता. पण हा हिशेब तिथे लागत नाही. वाऱ्यानं घासून घासून या वाळूचे कण गोल गुळगुळीत झालेले असतात, सिमेंटमध्ये ते एकमेकांना धरत नाहीत. दुबईनं पाम जुमेराचं बेट उभारलं तेव्हा त्याची वाळूही समुद्राच्या तळातून उपसून आणली होती. हे ऐकून काकांनी मूठ झाडली. त्यांचा वाळवंटातला रस तिथेच संपला.

माझा मात्र तिथे वाढला, कारण थोड्या अंतरावर एक झाड होतं. एकटं, वाकडं, खालच्या फांद्या उंटांनी खाऊन सारख्या उंचीवर छाटल्यासारख्या झालेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "गाफ." जवळ जाऊन पाहिलं तर बारीक बारीक पानं देठाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं, मधे आखूड काटे. ही तर शमी! मंडईत गणपतीच्या पत्रीच्या जुडीत जिच्या दोन काड्या येतात आणि जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रं लपवली, ती. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ही झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांपुढे अमृतादेवी आणि तिच्यामागून इतर मिळून ३६३ बिश्नोई उभे राहिले आणि मारले गेले, तेही याच झाडासाठी. इथे ती देशाचं राष्ट्रीय झाड आहे. अमिरातींनी २०१९ हे सहिष्णुतेचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा त्याचं बोधचिन्हही गाफच होतं. वहिनी (आता जाग्या) म्हणाल्या, एखादी काडी मिळाली तर घरच्या देव्हाऱ्यात ठेवू. ड्रायव्हरनं नकारार्थी मान हलवली. त्याचा देव वेगळा असला तरी झाडाबद्दलचं म्हणणं बरोबर होतं.

मग कॅम्प. चौकोनी अंगण, चारही बाजूंनी गालिचे आणि बसकी टेबलं, मधे लाकडी मंच. दारातच वेलदोड्याचा वास येणारा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, छोट्या बिनकानाच्या कपात, सोबत खजूर. उंटाची फेरी तीन मिनिटांची, त्यातही खरा प्रसंग उंट उठण्याचा. तो आधी मागचे पाय उचलतो हे कोणी सांगत नाही, त्यामुळे माणूस एकदम त्याच्या मानेवर आपटतो. फोटो नेमका तेव्हाचा येतो आणि तो कोणी कोणाला दाखवत नाही. मेंदी झाली, ससाण्याला हातावर घेऊन फोटो झाले (याचे पैसे वेगळे). मग मंचावर तनुरा नाचणारा आला. त्यानं घेरदार झगा घालून इतक्या गिरक्या घेतल्या, की बघणाऱ्या काकूंनाच खाली बसावं लागलं. वर वर चढत गेलेल्या झग्याच्या कडेला दिवे लागले. त्यानंतर बेली डान्स, त्यानंतर आगीचे खेळ, मधे मधे हिंदी सिनेमातली गाणी, त्यांवर नागपूरचा एक ग्रुप.

आमच्या ग्रुपमध्ये हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण होता. त्याचा चेहरा पहिल्यापासून आंबट. "सगळं टुरिस्टी आहे. यातलं काहीच खरं नाही," तो म्हणाला. माहितीत तो चुकत नव्हता. तनुरा इजिप्तचा. बेली डान्सचाही या वाळूशी संबंध नाही. स्वयंपाकी केरळचा, मेंदीवाली नेपाळची, ड्रायव्हर स्वातचा. इथला खरा नाच अय्याला. पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून हातात बारीक वेताच्या काठ्या धरून ढोलाच्या तालावर डोलतात. युनेस्कोनं २०१४ मध्ये त्याची नोंद घेतली. तो आमच्या कॅम्पात नव्हता. असता तरी आमच्यातल्या कितीजणांनी तो दहा मिनिटं पाहिला असता, शंकाच आहे.

पण त्या मुलाचं "खरं नाही" मला पटेना. याचं कारण वाळवंटात नव्हतं, ते सासवडच्या पुढे होतं. दरवर्षी डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हुरडा पार्टीचं पिल्लू सुटतं. आपण काय करतो तिथे? फाटकात कोणीतरी गंध लावून फेटा बांधतं. बैलगाडीची फेरी असते, तीन मिनिटांची. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव ठरल्या वेळी येतो, दान पावतो, आणि दुसऱ्या बॅचसाठी तासाभरानं पुन्हा पावतो. पोतराज स्वतःच्या पाठीवर आसूड ओढतो तेव्हा मुलं व्हिडिओ काढतात. आगटीशी मामा बसलेले असतात. गोवऱ्यांच्या विस्तवातून भाजलेलं कणीस काढून ते दोन तळहातांत चोळतात, फुंकर मारतात आणि हिरवे गरम दाणे आपल्या द्रोणात पडतात. त्यांचे तळहात बघावेत, काळे आणि कातडी जोड्यासारखे जाड. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत "स्वच्छतागृहाची उत्तम सोय". महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे याला आता शासकीय मान्यताही आहे.

माझी आजी बार्शीकडची. तिला एकदा हुरड्याला नेलं होतं. तिनं सगळं कौतुकानं पाहिलं, गाडीत बसली, फेटा मात्र नको म्हणाली. मग शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि मामांना विचारलं, "पाखरं कोण राखतं?" लहानपणी थंडीत पहाटे माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलायचं काम तिच्याकडे असायचं. मामा म्हणाले, आता कोण राखतंय, चार सरी पार्टीपुरत्या पेरल्यात. आजी हसली. हुरड्याचे पैसे प्रत्येकी किती पडले हे आम्ही तिला परत येईपर्यंत सांगितलं नव्हतं, ते कळल्यावर आणखी हसली.

आता त्या वाळवंटात माणसं खरोखर उंटांच्या मागे फिरत होती, तो काळही काही फार जुना नाही. दुबईला तेल सापडलं १९६६ मध्ये, आणि त्याच वर्षापर्यंत तिथे चलनात होता तो आपला रुपया. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. अमिरातींचा संघ झाला १९७१ च्या २ डिसेंबरला. म्हणजे माझ्या आजीच्या वयाची बाई तिथेही असेल. तिनं तंबूची कनात हातानं विणली असेल, पाण्याचा हिशेब घोटाघोटानं केला असेल. तिला आमच्या कॅम्पात आणून बसवलं तर तीही पहिल्यांदा विचारेल, पाणी कुठून आणता? आणि तिचे नातू? ते हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी स्वतःहून वाळवंटात तंबू ठोकायला जातात, मोठ्या गाड्या घेऊन, जनरेटर घेऊन, आपण सासवडला जातो तितक्याच हौसेनं. ज्यातून सुटका व्हावी म्हणून मागच्या पिढीनं जिवाचं रान केलं, ते पुढच्या पिढीला संध्याकाळपुरतं परत हवं असतं, फक्त जेवण तयार आणि पाणी गार हवं. याला खोटं म्हणायचं तर म्हणावं. मला तो जरा लाजाळू प्रकारचा जिव्हाळा वाटतो. खरं वाळवंट बघायचं असेल त्या मुलानं जुलैत जावं.

शेवटी कॅम्पातले सगळे दिवे दोन मिनिटं बंद केले, तारे दिसावेत म्हणून. पूर्वेला मृग चांगला वर आला होता, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, खाली व्याध. तेवढ्यात कोणीतरी चप्पल शोधायला मोबाइलचा टॉर्च लावला, त्या उजेडात आणखी चौघांना आपापल्या चपला दिसल्या, आणि जेवणाची रांग लागली. पोळी नव्हती, तंदुरी रोटी होती. ठेपले निघाले. हुमुसबरोबर ठेपला फार चांगला लागतो, हे दुबईत कोणालाच कसं सुचलं नाही कोण जाणे. त्या आंबट चेहऱ्याच्या मुलानं चार खाल्ले.

परतताना डांबरी रस्त्याच्या तोंडाशी ड्रायव्हरनं पुन्हा चारही टायर भरले, यावेळी कॉम्प्रेसरनं. गाडी सुरू झाल्यावर त्यानं विचारलं, आपके पूना में लोग घूमने कहाँ जाते हैं? काकांनी सिंहगडापासून सुरुवात केली, पण शनिवारवाड्याशी पोचता पोचता हुरड्यावर घसरले आणि मग थांबेनात. शेत, आगटी, कणीस, चोळणं, सगळं हातवाऱ्यांसकट हिंदीत.

ड्रायव्हरनं मन लावून ऐकलं. "हमारे गाँव में मकई ऐसे ही भूनते हैं, खेत में," तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर त्यानं आरशातून मागे पाहिलं. "और इसका पैसा लेते हैं?"

"बच्चों का आधा," काका म्हणाले.