बोटं काय नखं हायत का?

"प्रमाणपत्र जुनं आहे. अजून तेवढेच टक्के आहेत, कशावरून?"

काकांचं बंद पडलेलं दिव्यांग अनुदान परत सुरू व्हावं म्हणून सरकारी कचेरीत अपील द्यायला गेलो होतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बघून खिडकीतून हा प्रश्न आला, तेव्हा काकांनी काही न बोलता उजवा हात गजांतून आत घातला. चार बोटं नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पॉवरलूमवर चादरी विणताना गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मग म्हणाले, "साहेब, बोटं काय नखं हायत का, परत उगवायला?"

रांगेत हशा पिकला. आतला माणूसही हसला. आणि हसत हसतच अपिलाचा अर्ज परत सरकवला.

प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' असा स्वच्छ शब्द आहे. मी बोट ठेवून दाखवला. (तेवढ्यात वाटलं, आपण बोट ठेवतोय, काका बघतायत.) त्यानं तो वाचलाही. "ते खरं, पण सिस्टीम घेत नाही."

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना दीड हजाराचे अडीच हजार झाले, म्हणून काकू खुशीत होत्या. आमचं नाव मात्र यादीतून गेलं. का, ते कागदावर कुणीच दिलं नाही.

शेवटी अर्ज आवक विभागात दिला, पोच घेतली. पोचेवरचा शिक्का इतका पुसट की तारीख उजेडात धरून वाचावी लागते.

घरी येताना काका डाव्या हातानं रुमाल पिळत एवढंच म्हणाले, "हसवायला नको होतं रे मी तसं बोलून. त्यांना वाटलं, मजेत हाय गडी."

कुणाचं असं बंद पडलेलं अनुदान परत सुरू झालंय का? काय काय जोडलं होतं?