रायग्रासच्या बियांतली बुरशी: एका उन्हाळ्यानंतरची नोंद

गेल्या हिवाळ्यात घेतलेलं बारमाही रायग्रास या लॉनच्या गवताचं बी मी दोन ठिकाणी ठेवलं होतं. अर्धं हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून फ्रिजमध्ये. अर्धं वरच्या मजल्यावर कपाटात, कापडी पिशवीत. इंदूरचा मे महिना आणि मागाहून आलेला दमट पावसाळा त्या पिशवीने पुरता सोसला. दिवाळीनंतर दोन्ही बियाणं शेजारशेजारच्या कुंड्यांत पेरलं. उगवण दोन्हीकडे सारखीच दाट. बियांतून येऊन गवतात राहणाऱ्या आणि किडींना दूर ठेवणाऱ्या बुरशीचं मात्र तसं नाही.

एपिक्लोई गटातली ही बुरशी गवताच्या पेशींत घुसत नाही, दोन पेशींमधल्या फटीत राहते. तिथे ती वाढते कशी, हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. बुरशीचा तंतू एरवी टोकाकडूनच वाढतो. पण पान लांबत असताना पेशींना चिकटलेला तंतू असा वाढला, तर ताणून तुटेल. म्हणून हा तंतू मधूनही लांबतो, पानाच्या वेगाने. पान थांबलं की तोही थांबतो, पण जिवंत राहतो. पानाचा खालचा, काडीला वेढून असलेला भाग सोलून पाहिला की म्हणूनच लांब, जवळजवळ फांद्या नसलेले तंतू पेशींच्या रांगांना धरून गेलेले दिसतात.

बुरशीचं ठाणं कोंबाच्या वाढत्या टोकाशी असतं. तिथे फुलोरा धरायला लागला की ती त्यात जाते, पुढे अंडाशयात, बीजांडात आणि शेवटी भ्रूणात. परागकणांतून ती जात नाही. वारसा फक्त आईकडून. बियांत तंतूंची सर्वांत जास्त गर्दी असते ती पिठूळ भागाला वेढणाऱ्या अल्युरोन थरात. रोपाला बुरशी मिळते ती मात्र भ्रूणातल्या तंतूंकडून.

पेरणीआधी दोन्हीकडचं थोडं बी तपासलं. ५ टक्के कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजवलं (हातमोजे आणि चष्मा हवाच), नीट धुतलं, तूस काढून काचपट्टीवर दाबलं आणि लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला. ४०० पट मोठं करून पाहिल्यावर दोन्हीकडे नागमोडी निळे तंतू भरपूर. तुलनेसाठी घरचा माळव्याचा गहूही तसाच दाबून पाहिला. गहू रायग्रासच्याच उपकुळातला, पण लागवडीच्या गव्हात ही बुरशी निसर्गतः नसते. त्याचा अल्युरोन थर अगदी स्वच्छ दिसला.

आता मुद्द्याचं. मेलेले तंतूही निळा रंग घेतात, त्यामुळे बियांची तपासणी एवढंच सांगते की आईत बुरशी होती. ती जिवंत आहे का, हे रोपच सांगतं. रोपांना तीन-चार फुटवे येईपर्यंत थांबलो आणि मग सोलून पाहिलं. फ्रिजमधल्या बियांच्या बहुतेक रोपांत तंतू आहेत. कपाटातल्या बियांच्या मोजक्याच रोपांत सापडले. उष्णता आणि दमटपणा बियांआधी बुरशीला मारतात, हे ठाऊक होतं, पण एका उन्हाळ्या-पावसाळ्यात एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. लॉनचं बी घेताना पाकिटावरच्या उगवणीच्या टक्क्यावर विसंबू नका. तो आकडा बुरशीबद्दल काहीच सांगत नाही. पाकीट आणल्या दिवशीच फ्रिजमध्ये टाका.

कापलेलं गवत गाईला घालू नका, हे मी आमच्या गल्लीत आवर्जून सांगतो. किडींना दूर ठेवणारी पेरामाइनसारखी द्रव्यं याच बुरशीची, आणि गुरांना लडखडायला लावणारं लोलिट्रेम बी हेही तिचंच. टॉल फेस्क्यू हे दुसरं गवत चरून आजारी पडणाऱ्या गुरांचा संबंध त्या गवतातल्या बुरशीशी १९७७ साली अमेरिकेत चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी जोडला. रायग्रासबद्दल तेच न्यूझीलंडमध्ये १९८१ साली पुढे आलं.

पुढचं काम फुलोऱ्याचं. बारमाही रायग्रासला फुलण्याआधी काही आठवडे चांगली थंडी लागते आणि नंतर मोठा दिवस. आपला हिवाळा त्याला पुरेल असं वाटत नाही. त्यामुळे बुरशी असलेला एक आणि नसलेला एक असे दोन ठोंब छोट्या कुंड्यांत घेऊन, मंद दिव्यासह फ्रिजमध्ये ठेवणार आहे. या गवताला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, म्हणजे दोघं एकमेकांचाच पराग घेतील. ओंब्या धरल्या की दोन्हींवर वेगवेगळ्या कागदी पिशव्या चढवायच्या आणि बी अजिबात मिसळू द्यायचं नाही. बुरशी असलेल्या आईच्याच बियांत तंतू दिसायला हवेत, दुसरीच्या बियांत एकही नाही.